भाऊंची पडताळणी

माझ्या आतेभावाइतका, म्हणजे भाऊंइतका, खरं बोलणारा आणि त्यापायी गावाला ताप देणारा माणूस सोनगीरच्या किल्ल्यानेही पाहिला नसेल. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलेले भाऊ, चहा संपायच्या आत पुतण्या घोरतो हे सांगून मोकळे झाले. जनगणनेवाल्याने वय विचारलं, तर शाळेतलं सांगू की आईनं सांगितलेलं, अशी त्यांची पृच्छा. तो बिचारा दोनदा येऊन गेला. किराणावाला तर त्यांना लांबून पाहिलं की डाळीच्या पोत्यावर फडकं टाकतो.

म्हणून माझ्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला, कॉलेजने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला आणि चौकशीला आलेला हवालदार नेमका शेजारी भाऊंच्या ओट्यावर बसला, तेव्हा मी चहाचं निमित्त काढून तिकडे धावलो. आजवर कुणाला सांगितलं नाही ते असं, की कॉलेजात असताना बसथांब्याच्या आंदोलनात एसटीची काच मी फोडली होती. मी पळालो. बसची वाट बघत उभे असलेले भाऊ सापडले. जन्मात पहिल्यांदा ते गप्प राहिले, गुन्हा त्यांच्या नावावर चढला, त्यांची पोलीस भरती हुकली. मी कोऱ्या दाखल्यावर मास्तर झालो. आता बापाचं कृत्य लेकीच्या दाखल्यावर उतरतं की काय, मास्तर असून मला कळेना. विचारणार तरी कुणाला?

पोरगी गुणाची, भाऊंनी सांगितलं, पण लहानपणी माझ्या झाडाचे पेरू न विचारता तोडायची, तेही लिहा. हवालदाराने पेन खाली ठेवलं. मग सवयीने विचारलं, घरात आणखी कुणाचं काही? भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे धरून उभा.

"मना नाववर केस शे," भाऊ म्हणाले. "एसटीले दगड मी मारेल शे."

"तुम्ही मारला असेल दगड, पण तुमचं कोण विचारतंय, आबा?" म्हणत हवालदाराने वही मिटली.

दाखला आला, मुलगी धुळ्याला गेली. एकदा धीर करून मी म्हणालो, "भाऊ, तो दगड मी मारेल शे."

ते बघतच राहिले. "तू? तू कोठे व्हता तठे?"

विसरले, की मला सोडवत होते, की त्यांना आता खरंच तसं वाटतं, मला अजून उमजलेलं नाही. हल्ली पारावर कुणी आग्रह केला की भाऊ उठून दगड कसा मारला ते करून दाखवतात. जेवणं, लिहिणं, सगळं त्यांचं उजव्याने. दगड मात्र दर वेळी डाव्या हाताने फेकतात. आमच्या दोन्ही घरांत डावखुरा मी एकटाच.