घरी मराठी बोलावे

निवृत्तीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षकानं मला विचारलं, "इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात, मॅडम?" मुलांकडून संयम शिकले, असं काहीतरी मी म्हणाले. टाळ्या पडल्या. जे खरं शिकले होते, ते त्या मंडपात सांगायची माझी हिंमत झाली नाही.

वडीगोद्रीपासून आत, अंबड तालुक्यातल्या एका गावात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघंच. दुसरी आणि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत.

त्या वर्षी दुसरीत एक मुलगी आली. तिचे वडील गावात गाद्या भरून द्यायचे. घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, मागच्या खोलीत संसार. घरात उर्दू बोलायचे. मुलगी हसरी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. अक्षर असं की फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरायचं. पण तोंडी काही विचारलं की गडबडायची. "उद्या सुट्टी कशाची?" असं विचारलं तर "सतरा" म्हणायची. वर्ग हसायचा, तीही वर्गाबरोबर हसायची.

मला वाटलं, भाषेची अडचण आहे. घरात मराठी नाही तर पोरीला कळणार कसं? हे मला इतकं उघड वाटलं की दुसरं काही मनात आलंच नाही. तिच्या कानात बऱ्याचदा कापसाचा बोळा असायचा. तोही मी रोज बघत होते. थंडीसाठी घातला असेल, असं मीच ठरवून टाकलं. थंडी संपली तरी बोळा होताच, तेव्हा मात्र काहीच ठरवलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुझ्या गावाचं नाव काय?" तिनं त्यांच्या मिशांकडं बघत स्वतःचं नाव सांगितलं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, एवढं तरी यायला पाहिजे." ते गेले आणि माझा सगळा राग त्या पोरीवर निघाला.

"एवढं साधं कळत नाही का तुला? मी काय भिंतीशी बोलते का वर्षभर?"

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत हसायचा प्रयत्न करत होती. त्या हसण्यानं मी आणखी चिडले. दप्तर उचलायला लावलं आणि तिला शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं. ज्यांना कळतं ती मुलं पुढं बसू देत, असा माझा हिशोब. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपत्रकावर मी शेरा लिहिला, 'वर्गात लक्ष नसते. घरी मराठी बोलावे.'

वडील सही करायला आले. अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. शेरा मीच वाचून दाखवला.

"तिच्याशी घरी मराठीच बोला," मी म्हणाले. "तेवढं केलंत तर सुधारेल."

"बराबर हाय, बाई. तुमी म्हणता तसंच करू. घरात सांगतो मी."

पालक इतकं ऐकतात कुठं, म्हणून मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं.

तिसरीत ती बदलली. हसणं गेलं. मधल्या सुट्टीत पोरी लंगडी खेळायच्या आणि ही ओट्यावर बसून बघत राहायची. पोरगी शांत झाली, जबाबदार झाली, असं मी माझ्या सहकाऱ्याला कौतुकानं सांगितलंही.

मग दिवाळीनंतर आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. एक तरुण डॉक्टरीणबाई मुलांचे डोळे, दात, कान बघत होत्या. हिच्या कानातला बोळा काढून त्यांनी आत उजेड टाकला, जरा थांबल्या, आणि तिच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या. तिला नावानं हाक मारली. पुन्हा, मोठ्यानं. मग जोरात टाळी वाजवली. रांगेतल्या चार पोरी दचकून वळल्या. ही वळली नाही. मी समोर उभी होते आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी आता काय म्हणते याची वाट बघत.

"मॅडम, हिला जवळजवळ ऐकूच येत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कान बरेच दिवस वाहताहेत. तुमच्या कधी लक्षात आलं नाही?"

"घरी उर्दू बोलतात ना," मी म्हणाले. म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडिलांनी मशीन बंद केलं. मी सांगितलेलं ते उभ्यानंच ऐकत राहिले.

"आमाला बी न्हाई समजलं, बाई," ते म्हणाले. "ह्या मशीनीपायी आमी सगळेच वरडून बोलतो. कोनाला किती ऐकू येतं, कसं कळावं?"

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. उलट त्यांनीच हात जोडले. जालन्याला नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. आजार आतपर्यंत गेला होता. वर्षभर आधी आणायला पाहिजे होतं, असं तिथं सांगितलं. एका कानाला मशीन बसलं, त्यानं थोडंफार ऐकू यायचं. मी तिला पहिल्या रांगेत आणलं, तिच्यासमोर बसून शिकवलं. पण ती चौथीत गेली, माझी बदली झाली. सातवीत तिनं शाळा सोडली, असं पुढं कानावर आलं.

गेल्या हिवाळ्यात वडीगोद्रीवरून जात होते. ठरवून उतरले आणि त्या गावात गेले. ती दारातच गादीची खोळ शिवत बसली होती. वीस वर्षांची बाई झालेली. मला लगेच ओळखलं. बोलते मराठी, जरा मोठ्यानं, एकाच सुरात.

"बाई, मला तुमचं कळायचं बरं का," ती म्हणाली. "माझ्याकडं बघून बोलल्या की कळायचं. फळ्याकडं तोंड केलं की न्हाई. मंग मागं बसवलं तवा तोंडच दिसंना तुमचं."

तक्रार नव्हती. लहानपणची एक गंमत सांगावी तसं सांगितलं.

तेवढ्यात तिची आई बाहेर आली. माझ्याजवळ बसली आणि मोडक्या मराठीत बोलू लागली. "पहिलं आमी दोघी लई बोलायचो. ती माझ्या तोंडाकडं बघायची, तिला सगळा समजायचा. मंग तुमी लिव्हले, मराठी बोला. माझा मराठी आसा तुटका. तिला माझ्या तोंडावरून समजंना. मंग मी बोलनाच सोडला." पुढं म्हणाली, "आता तिला उर्दू येत न्हाई. आमी हातानंच बोलतो." आणि जेवलीस का, झोप आता, दार लाव, असं हातवारे करून तिनं मला दाखवलं. तेवढं दाखवून हात मांडीवर ठेवले. "तुमी भल्यासाठीच लिव्हले, बाई."

मला तिच्याकडं बघवेना. मी मुलीचा हात धरला आणि म्हणाले, "माझं चुकलं गं."

ती माझ्या ओठांकडं बघत होती. ते थरथरत होते, त्यातून तिला काय वाचता आलं असेल, कोण जाणे.

"पाणी आणू का?" तिनं विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं. तिनं आणलेलं पाणी प्याले. तेच पुन्हा म्हणायचं धाडस झालं नाही. मी उठले आणि रस्त्याला लागले.