हा दुसरा आहे का?

मी गेल्याची बातमी मला गावाकडून कळली. दुपारची पाळी होती. लूमच्या खडखडाटात फोन वाजलेला कळत नाही, खिशात थरथरला म्हणून कारखान्याबाहेर येऊन उचलला. पलीकडे माझा चुलतभाऊ. म्हणाला, "कोन बोली राह्यनं?" मी म्हटलं, "सुभाष." तर तो एकदम ओरडला, "अरे, तू शे ना? आठे तं सांगी राह्यनात तू गया!" मी म्हटलं, नाही रे बाबा, गेलो असतो तर शेठनं फोन घ्यायला बाहेर सोडलं असतं का? आणि हसलो. खरंच हसलो... मग हसता हसताच ध्यानात आलं. सुभाष भिकन पाटील गेला असेल आणि तो मी नसेन, तर मग एकच उरतो.

आमच्या गावात एका नावाचे दोघं होतो आम्ही. आडनाव पाटील, ते तर अर्ध्या गावाचंच. दोघांच्या बापाचं नाव भिकन, कारण दोन्ही आज्यांची आधीची पोरं जगली नव्हती, आणि पोर जगावं म्हणून आमच्याकडे असलं भीक मागितल्यासारखं नाव ठेवतात. शाळेत दोघांना एकाच दिवशी नेलं. गुरुजींनी सगळ्यांची लावली तीच जन्मतारीख आम्हाला लावली, एक जून. खरी कोणाला माहीत होती? तो पुढं शिकत गेला. मला दुसरीत गुरुजींनीच सांगितलं की तू म्हशींकडे जा, तुझं नि त्यांचं पटतं. शाळेनं मला एकच वस्तू दिली, ती तारीख, आणि तीपण वापरलेली. हे सगळंसुद्धा मी फोनमध्ये बोललोय, पेपरच्या पुरवणीवाल्यांनी उतरवून घेतलं. चुका निघाल्या तर त्यांच्या, कारण माझ्याकडे लिहिण्याइतकं काही नाहीच, चुकासुद्धा.

सुरतेला दोघंही आलो. मी लूमवर लागलो, तो पर्वत पाटिया भागात एका साडीवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर. पुढं त्यानं ती नोकरी सोडली आणि दिंडोलीच्या घरातच पलंगाशेजारी टेबल मांडून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायला लागला. लूमच्या कारखान्यांसाठी, कामगारांच्या हजेरीचं आणि पगाराचं. कोण आला, किती मीटर कापड काढलं, सगळं त्या डेटाबेसमध्ये. मला डेटाबेस म्हणजे काय ते त्यानं एकदा समजावलं होतं. "सुभ्या, खूप खण असलेलं कपाट समज. कुठल्या खणात काय ठेवायचं ते मी ठरवतो, आणि चुकीची वस्तू ठेवली की कपाट ओरडतं." मी म्हटलं, असं कपाट माझ्या बायकोकडे आहे, तिला लाईट लागत नाही.

त्याच्या कामाची एक रीत होती आणि ती तो देवपूजेसारखी पाळायचा. सॉफ्टवेअरच्या तीन प्रती. एक घरची, ज्यात तो नवीन जोडायचा. दुसरी चाचणीची. तिसरी कारखान्यातली, चालू. चालू प्रतीला थेट हात लावायचा नाही, शेठ बोंबलला तरी नाही. आधी घरच्या प्रतीत दुरुस्ती, मग चाचणी, मग जुन्या माहितीची नक्कल काढून ठेवायची आणि मगच कारखान्यात. आणि चाचणी म्हणजे मी! रविवारी मला बोलवायचा, मंगलावहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा ठेवायच्या, आणि हा म्हणायचा, "बस. सगळी बटणं दाब. शहाण्यासारखी नको, तुझ्यासारखी." मी दाबायचो. मीटरच्या जागी नाव लिही, नावाच्या जागी काहीच लिहू नको, सेव्ह कर, परत सेव्ह कर. काहीतरी फाटायचंच. तो खूष व्हायचा. आयुष्यात माझ्या बिघडवण्यावर खूष झालेला एकच माणूस. म्हणायचा, "तुला जे बिघडवता येणार नाही, ते सुरतेत कोणाकडून बिघडणार नाही."

पहिल्यांदा ते माझ्याच कारखान्यात लावलं आणि पहिल्याच दिवशी अडकलं. त्यानं नियम केला होता, की नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच, तर माणूस तोच. आता कारखाना भरलेला आमच्या खानदेशच्या लोकांनी. जो तो पाटील, जो तो एक जूनचा! एकाची हजेरी दुसऱ्याला लागायला लागली. चाचणीला त्यानं स्वतःचंच नाव आधी भरून ठेवलेलं, मग माझं नाव घालायला गेला तर लाल अक्षरात पाटी आली, 'हा माणूस आधीच आहे.' शेठ मागं उभा. म्हणाला, "अरे सुभाषभाई, आ तो कहे छे के तमारी जरूर नथी." मी म्हटलं, शेठ, माझी गरज नाही हे आमच्या आईनं मी जन्मलो तेव्हाच सांगितलं होतं. सगळे हसले, हा नाही हसला. त्याचा चेहरा असा पडला, की जणू त्यानं मला खरंच पुसून टाकलंय. दोन रविवार बसला. मग टोपणनावाचा वेगळा खण केला, आणि ती लाल पाटी बदलली. आता सॉफ्टवेअर विचारायला लागलं, 'हा माणूस आधीच आहे. हा दुसरा आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. माझ्यासाठी त्यानं चाचणीच्या प्रतीत पहिल्यांदा 'हो' दाबलं आणि म्हणाला, "घे, आता तू पण आहेस."

दुसरी त्याची देवपूजा म्हणजे परवाना. ज्या सॉफ्टवेअरवर तो हे बनवायचा ते एका मोठ्या कंपनीचं. बनवणाऱ्यानं आपल्या नावावर डेव्हलपरचा परवाना घ्यायचा, दर वर्षी कंपनीला ओळख दाखवून तो चालू ठेवायचा. बाजारात चोरीची कॉपी मिळते, कुलूप तोडलेली. बरेच जण तीच वापरतात. हा नाही. मी म्हटलं, काय फरक पडतो? तर म्हणाला, "तू लायसन नसताना टेम्पो चालवलास तर?" मी म्हटलं, शेठचा चालवतोच की. म्हणाला, "म्हणून तर मी तुझ्या टेम्पोत बसत नाही." कॉम्प्युटरचं मशीन सुरू झालं की आधी एक चौकट यायची, 'परवानाधारक: सुभाष भिकन पाटील'. रोज ती वाचायचा. माझंच नाव असल्यासारखा मीपण वाचायचो. मला न अडखळता वाचता येणारं एवढंच.

गेला त्या दिवशी छातीत दुखलं म्हणाला, रिक्षा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली, तो नाही पोचला. तेरावं झालं आणि मशीनवर पाटी यायला लागली, परवान्याची मुदत संपतेय, ओळख द्या. वहिनींनी एवढी वर्षं शेजारी बसून कामाची रीत शिकून घेतली होती, शेठांचे फोनसुद्धा त्याच घ्यायच्या. हे काम पुढं चालवायचं हे एकच त्यांनी धरून ठेवलं होतं. पण परवाना माणसाच्या नावावर, बायकोला देता येत नाही. वहिनींनी नवा घ्यायचा तर मिळतो, पण नव्या परवान्यावर त्याचं जुनं काम उघडत नाही, ते त्याच्या परवान्याच्या चावीनंच उघडायचं. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, नाव तेच आहे. तारीख तीच आहे. व्हिडिओवर फक्त ओळखीचं कार्ड दाखवायचं असतं... तुम्ही बसाल का?"

बसलो. त्यांनी त्याचा शर्ट काढून दिला. कंपनीची पोरगी आली पडद्यावर, गोड बोलणारी. माझं कार्ड दाखवलं, नाव नि तारीख जुळली. मग म्हणाली, "सर, बस एक बार कन्फर्म कीजिए, आप ही डेव्हलपर सुभाष पाटील हैं?" जन्मभर मी कोणाच्याही नकला केल्या, शेठच्या केल्या, गुरुजींच्या केल्या. एक 'हां' तर म्हणायचं होतं. पण पडद्याच्या कोपऱ्यात माझं थोबाड दिसत होतं आणि त्याच्या खाली त्याचं नाव. माझ्या तोंडातून निघालं, "नहीं मॅडम. वो नहीं रहा. मैं दूसरा हूँ." पोरगी सॉरी म्हणाली. मग नियम सांगितला, की कळल्यावर आता हा परवाना बंद करावा लागेल, केलेलं काम उघडेल, पण फक्त बघायला. वहिनी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आधीच घासलेली होती, ती परत घासल्याचा आवाज येत राहिला.

कारखान्यांत त्याच्या प्रती अजून चालतात, पण आता त्यात काही बदलता येत नाही, म्हणून एकेक शेठ दुसरीकडे चाललाय. ज्यांनी चोरीच्या कॉपीवर बनवलं त्यांचं सगळं धडधडीत चालू आहे. मला कोणी नीतीबद्दल सांगू नये. मी काही खरेपणानं बोललो नव्हतो, मला फक्त तो व्हायला जमलं नाही... नकलेतसुद्धा.

रविवारी मी अजून जातो. वहिनी चहा ठेवतात, मशीन लावून देतात. मी बसतो आणि माझ्यासारखी सगळी बटणं दाबतो. सेव्ह, परत सेव्ह. दर वेळी तेच येतं, 'फक्त पाहण्यासाठी'. काहीच बिघडत नाही. चाचणीच्या प्रतीत वर दोन ओळी आहेत, एकाखाली एक, एकाच नावाच्या, टोपणनावाचा खण दोन्हीकडे रिकामा. त्याचा नियम होता, माणूस सोडून गेला तर ओळ पुसायची नाही, पुढच्या खणात 'चालू' काढून 'बंद' लिहायचं. आता ते कोणालाच लिहिता येणार नाही. सुभाष भिकन पाटील, एक जून, चालू. त्याच्या खाली सुभाष भिकन पाटील, एक जून, चालू.