दुसरी जीभ

रायाप्पा अण्णा चहाचा पहिला घोट कधी लगेच गिळत नसत. घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे, तो गालात इकडून तिकडे फिरवायचा, आणि समोरच्या माणसाने तोवर तोंड बंद ठेवायचं असा त्यांचा दंडक होता. मग डोळे उघडून ते निकाल सांगत. बेळगावच्या कॅम्पातल्या ज्या हॉटेलात आम्ही सकाळी बसायचो, तिथल्या मालकाला ते एकदा म्हणाले, "काल ह्या पातेल्यात फोडणीचं कायतरी केलतंस. घासलंस, पण कड तशीच ऱ्हायली." हॉटेलवाला आधी तणतणला. मग आत जाऊन बायकोला विचारून आला आणि मुकाट्याने दुसरा चहा टाकायला लागला.

कॅम्पातल्या एका ऑफिसर्स मेसमध्ये अण्णांनी तीस वर्षं काढली होती. लागले ते ग्लास विसळायला आणि निवृत्त झाले ते दारूच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे म्हणून. कुठली बाटली उतरली, कुठली उन्हाने बिघडली, कुठल्या रममध्ये पाणी पडलंय हे मेसमध्ये अण्णा सांगत आणि तो शब्द शेवटचा असे. स्वतः मात्र थेंब घशाखाली जाऊ देत नसत. तोंडात घ्यायची, पारखायची आणि पितळेच्या तस्तात थुंकून टाकायची. "पिणाऱ्याला चव कळत न्हाय रं," ते म्हणत, "त्याला फकस्त चढलेली कळती." ही देणगी आईची, असं ते सांगत. त्यांची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला होती. मूठभर पानं हुंगून ती म्हणे कुठल्या गावचा माल ते सांगायची, आणि तिची मजुरी मात्र बाकीच्या बायांइतकीच होती. हे शेवटचं वाक्य अण्णा दर वेळी न चुकता जोडायचे.

माझी त्यांची गाठ पडली ती ऐंशी सालच्या पुढेमागे. बेळगावातल्या एका व्यापाऱ्याने चिकोडीच्या पुढे, कृष्णेकडच्या माळावर द्राक्षबाग लावली होती आणि शेजारी शेड मारून वाईन काढायला सुरुवात केली होती. काढली खरी, पण घेणार कोण? आमच्याकडे पिणारा रम पितो, न पिणारा ताक पितो. मग मालकांनी युक्ती काढली. हंगामात दर रविवारी सहल. सकाळी सहाला कॅम्पातून मेटॅडोर निघायची, बाग बघायची, मटणाचं जेवण, वाईनची चव आणि दिवेलागणीला परत. मी कंग्राळीचा, शेतकऱ्याच्या घरातला, बी.कॉम. झालेला आणि मालकांच्या ऑफिसात तात्पुरता कारकून. नावं लिहून घ्यायची आणि परतताना डोकी मोजायची, हे माझं काम. माहिती सांगायला आणि चव दाखवायला त्यांनी मेसमधून निवृत्त झालेल्या अण्णांना आणलं.

गाडीत बसल्या बसल्या अण्णा पान-तंबाखू बंद करून टाकत. डॉक्टर असो, वकील असो, कुणाची भीड नाही. "तोंडात गू घालून आलासा तर द्राक्षानं काय करायचं?" असं ते एका बँकेच्या साहेबाला म्हणाले होते आणि साहेबाने खिडकीतून पान टाकून दिलं होतं. मांडवाखाली ते प्रत्येकाला एकेक द्राक्ष देत आणि साल, बी सगळं चावायला लावत. "साल कडू, बी तुरट. गोड काय ते मधलं पाणी. वाईन तिन्हीची असती. नुसतं गोड पायजे तर उसाचा रस प्यावा." लोक हसत, पण चावत. शेडमध्ये लांब टेबल मांडलेलं असे. त्याच्या डोक्याशी, मेसचा जुना पांढरा कोट घालून, अण्णा उभे राहत. पहिला घोट त्यांचा. तो पास झाल्यावर ते नुसतं "साकु" म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये पुरे, आणि मग पाहुण्यांचे ग्लास भरले जात. आयुष्यभर लोकांच्या पाठीमागे तबक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला टेबलाची ती जागा किती प्यारी होती हे मला दिसत होतं. ते तसं बोलत नसत, पण रविवारी त्यांची दाढी दोनदा केलेली असायची.

त्यांचा एक नियम होता. एका जिभेवर निकाल द्यायचा नाही. "एक जीभ चुकती. सर्दी असती, ताप असतो, वय असतंय. दोन चुकत न्हाईत." मेसमध्ये दुसरी जीभ खानसाम्याची होती. इथे त्यांनी माझी तयार केली. ऑफिसातल्या रिकाम्या दुपारी ते माझ्यापुढे चार ग्लास पाणी ठेवत, एकात मिठाचा खडा, एकात गुळाचा कण, एकात आंबट सिरक्याचे दोन थेंब. ओळख म्हणायचे. सुरुवातीला मी सपशेल आपटलो, पण सिरका मला पहिल्यापासून सापडायचा. दोनचा त्यांनी एक थेंब केला तरी सापडायचा. अण्णांना कोण आनंद झाला. "आंबट धरायला तुझी जीभ माझ्यापरीस बरी हाय, बाळू. पण ध्यानात ठेव, थुकून निकाल सांगायचा. गिळलास की पटली असं समजतात." माझ्या घरात माझ्या कुठल्याच अवयवाचं असं कौतुक कधी झालं नव्हतं. मी फुगून गेलो होतो.

दुसऱ्या हंगामात मालकांना भागीदार हवे झाले. निपाणीचे पाच-सहा तंबाखूवाले व्यापारी यायचे ठरले. त्यांच्यावर छाप पडली तर शेड वाढणार होती. आदल्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून माझ्या कायम नेमणुकीचं टाइप केलेलं पत्र दाखवलं. सही सोमवारी करतो म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

त्या रविवारी अण्णांच्या कोटाला इतकी कडक इस्त्री होती की तो हँगरवरच असल्यासारखा वाटत होता. गाडी सुटून दहा मिनिटं झाली नसतील, निपाणीच्या व्यापाऱ्यांतल्या एकाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तू आमच्या वखारीतल्या गंगव्वाचा न्हवं?" अण्णा व्हय म्हणाले. बस, तेवढंच. पण तिथून पुढे ते सगळे अण्णांना अरे-तुरे करू लागले. दोन वर्षं 'अण्णा, तुम्ही' म्हणणारे आमचे मालकही बागेत पोचेपर्यंत 'रायाप्पा, तू'वर आले होते. मला ते खटकलं. खटकलं म्हणजे काय, मनातल्या मनात खटकलं. त्याला कुणाची हरकत नसते.

जेवणाआधी सगळे टेबलाभोवती बसले. अण्णांनी बाटली उघडली, ग्लासात दोन बोटं ओतली, तोंडात घेतली, डोळे मिटले. मग तस्तात थुंकून, पंच्याने तोंड पुसून, ते म्हणाले, "ही गेली मालक. सिरका व्हायला लागलाय. देऊ नका."

मालक हसले. नीट बघ म्हणाले. अण्णांनी दुसरी बाटली उघडली. तीही त्याच पिंपातली होती, सगळ्याच बाटल्या त्याच पिंपातल्या होत्या. अण्णांचा निकाल तोच. गंगव्वाला ओळखणारा व्यापारी म्हणाला की मालक, तुमच्याकडे गड्याच्या तोंडाने धंदा चालतोय की काय. सगळे हसले. अण्णा मात्र चिडले नाहीत. मला आता वाटतं, त्यांना तो क्षण हवाच होता. आपलं काम कसं चालतं, त्यात नियम कसा असतो, हे त्यांना त्या माणसांना दाखवायचं होतं.

"माझं एकट्याचं धरू नका," ते म्हणाले. "एका जिभेवर निकाल आमच्यात देत न्हाईत. बाळू, ये हिकडं."

मी गेलो. ग्लास नाकाजवळ आला तेव्हाच वास आला. तोंडात घेतल्यावर तर शंकेला जागाच नव्हती. एक थेंब ओळखणाऱ्या माणसाला इथे अख्खं पिंप आंबलेलं होतं. मी मालकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, रुमालाने चष्मा पुसत होते. त्यांनी डोळे वटारले असते तर आज मला निदान तेवढी तरी सबब राहिली असती.

मी घोट गिळला आणि म्हणालो, "चांगली आहे, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. राग असता तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. त्यांनी ग्लास पुन्हा उचलला, पुन्हा घोट घेतला आणि कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. मग तो थुंकून त्यांनी हळूच विचारलं, "गिळलास तू?"

"होय."

"मग माझीच गेली," ते म्हणाले. पाहुण्यांकडे वळून, म्हातारी जीभ आहे, माफी असावी, असं काहीसं बोलले आणि स्वतःच्या हाताने एकेकाचा ग्लास भरत गेले. त्या व्यापाऱ्यांनी जन्मात वाईन चाखलेली नव्हती. वाईन अशीच लागत असणार असं समजून त्यांनी ती घेतली. एकाने तर मटणाबरोबर ही झकास जाईल असा अभिप्राय दिला. परतताना कुणीतरी मागच्या बाकावर बसलेल्या अण्णांपुढे पानाचा डबा धरला. अण्णांनी पान घेतलं. त्यांना पान खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. निपाणीला मुलीकडे राहायला गेले, असा निरोप आला. सोमवारी मालकांनी सही केलीच होती. सहलीची माहिती सांगायचं कामही माझ्याकडे आलं. साल कडू, बी तुरट, नुसतं गोड पाहिजे तर उसाचा रस प्यावा, हे सगळं मी अण्णांच्याच ठेक्यात म्हणायचो आणि लोक माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक करायचे. पिंपं मात्र कौतुकाने सुधारत नाहीत. दोन हंगामांत पिंपामागून पिंप आंबलं, भागीदार निघून गेले, शेडला कुलूप लागलं. ज्या पत्रासाठी मी तो घोट गिळला, ते असं दोनच वर्षं पुरलं. मी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात लागलो.

त्यानंतर काही वर्षांनी एकदा निपाणीला गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. अण्णा खाटेवर बसले होते, खूप वाळले होते. मला बघून त्यांना खरोखरच आनंद झाला. त्यांची मुलगी सुशीला शाळेत शिक्षिका होती, ती नुकतीच घरी आली होती. तिने चहा आणला. अण्णांनी कप तोंडाला लावला आणि औषध घ्यावं तसा चहा गटागटा पिऊन टाकला. मग मला म्हणाले, "साखर बराबर हाय का रं? मला आता कळत न्हाय." बरोबर आहे म्हणालो. साखर खरंच बरोबर होती. मग आम्ही पावसापाण्याचं बोललो, त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली आणि मी साडेपाचच्या गाडीने परत आलो. इकडचं तिकडचं सगळं बोलून झालं. जे बोलायचं होतं तेवढं राहिलं.

त्या भेटीनंतर दोन वर्षांनी अण्णा गेले. मला ते महिनाभर उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा सुशीला एकटीच होती. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी अण्णांचा मेसच्या कोटातला फोटो लागला होता. ती चहा घेऊन आली आणि आपण होऊन बोलत राहिली. पूर्वी घरात अण्णांनी चाखल्याशिवाय आमटी चुलीवरून उतरत नसे, असं ती म्हणाली. निपाणीला आल्यापासून त्यांनी पळी हातात धरली नाही. चव बघा म्हटलं की म्हणायचे, दुसऱ्या कुणाला तरी दाखव.

"मी लई समजावलं," सुशीला म्हणाली. "एकदा तर मुद्दाम आमटीत मीठच घातलं न्हाय. गप जेवून उठले. मी म्हटलं, आप्पा, खरंच कळलं न्हाय तुम्हांला? तर म्हणाले, 'अळणी लागली गं. पण माझ्या लागण्याला काय अर्थ हाय? बाळूनं गिळली त्या दिवशी. ते पोरगं खोटं बोलायचं न्हाय.'"

मी तिला सांगितलं. ग्लास नाकाशी आल्यापासून पत्रावरच्या सहीपर्यंत, काही न गाळता सगळं सांगितलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने माझ्यामागच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"दोन वर्सांपूर्वी हितंच बसलतासा की," ती म्हणाली. "ते समोर होते."

चहा तसाच होता. घ्या, असं तिने म्हटलं नाही. मी उठलो.