मुका काटा आणि गवारे सर

गवारे सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी नुकताच दुरुस्त केलेला संगणक मी त्यांच्यासमोरच बंद करून टाकला होता.

मी तेव्हा शिरूरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होते. माझे वडील रांजणगावच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवतात. त्या कारखान्याच्या ऑफिसातून भंगारात निघालेला एक जुना संगणक त्यांनी मोठ्या हौसेने घरी आणला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला संगणक येतच असणार अशी सगळ्यांची समजूत होती. मला तो चालूसुद्धा करता आला नाही. तळेगाव ढमढेऱ्याहून जीपमध्ये मांडीवर घेऊन मी तो शिरूरला, एसटी स्टँडमागच्या सरांच्या दुकानात नेला.

सरांनी कॅबिनेट उघडले, वायर जोडली, हार्ड डिस्कवर तळहात ठेवला आणि मला विचारले, "वाजतंय का?"

"खरखरतंय," मी म्हणाले.

"मग गेली ही." सरांनी ड्रॉवरमधून मोठ्या कॅमेऱ्यात घालतात तसले एक जाड कार्ड काढले. मला वाटले, सर आता फोटो काढणार. मी ओढणी सारखी केली. सरांनी ते कार्ड एका छोट्या पट्टीत खोचले आणि हार्ड डिस्कची चपटी वायर तिला जोडली. जुन्या संगणकाला ते कार्ड म्हणजे हार्ड डिस्कच वाटते. त्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे झिजणारेही फारसे नसते. हे मला पुढे कळले. त्या दिवशी बटण दाबल्यावर कसलीच खरखर झाली नाही. बिघडले असे वाटून मी घाबरले आणि पटकन बटण दाबून संगणक बंद केला.

"अगं, चालू झालं होतं की ते!" सर म्हणाले आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी दुकानात जाऊ लागले.

सरांनी आयटीआयमध्ये आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि निवृत्तीनंतर हे दुकान काढले, हे सरांच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना माहीत आहेच. दौंडच्या एका छापखान्यातला लग्नपत्रिका जुळवणारा संगणक, रांजणगावातल्या एका वर्कशॉपमधल्या लेथला हुकूम देणारा संगणक, असे कितीतरी म्हातारे संगणक सरांनी या कार्डांवर चालते ठेवले. "नवा घ्या" असे त्यांनी गिऱ्हाइकाला सहसा सांगितले नाही. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "त्या लेथला नवा संगणक ओळखतच न्हाई. एक हार्ड डिस्क गेली म्हणून सगळी लेथ भंगारात घालायची का?"

सरांच्या स्नेहाची एक आठवण सांगते. मी दुरुस्तीच्या दुकानात बसते, हे माझ्या चुलत्यांना आवडत नव्हते. पोरीच्या जातीने स्टँडमागे बसून स्क्रू पिळायचे का, असा त्यांचा सवाल होता. सर बाजाराच्या दिवशी आमच्या घरी आले. चहा घेतला, कांद्यावर बोलले, पावसावर बोलले आणि निघता निघता चुलत्यांना म्हणाले, "आण्णा, तुमची पोरगी शिकायला येते हे खरं. पण मलाच तिची गरज हाय. तिचे कान लागतात मला." चुलते हसले. सर मोठेपणाने बोलले असे आम्हा सगळ्यांना वाटले. चुलत्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता सरांच्या मूल्यांविषयी. संपादक मंडळाने त्यावर आवर्जून लिहायला सांगितले आहे आणि माझा गोंधळ तिथेच आहे. म्हणून जे घडले ते तसेच सांगते.

भांडगावजवळ, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून, आप्पांचा वजनकाटा आहे. आप्पा सरांचे आयटीआयतले विद्यार्थी. कांदा, चारा, भंगार, जे येईल ते ट्रॉलीसकट लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढते, केबिनमधला जुना संगणक वजन घेतो आणि प्रिंटर चिठ्ठी काढतो. तो काटा बनवणारे आता धंद्यात नाहीत आणि नव्या संगणकाला त्याची जोडणी बसत नाही. धूळ आणि प्रत्येक गाडीचा हादरा, यांमुळे तिथे हार्ड डिस्क टिकत नव्हती. ते काम सरांनी माझ्यावर सोपवले. मी जुन्या डिस्कवरचे सगळे कार्डावर उतरवले, कार्ड बसवले आणि काटा चालू झाला. एकटीने केलेले ते माझे पहिले काम. घरी मी पेढे नेले.

थोड्याच दिवसांत आप्पांचा दुकानात फोन आला. दुकानातला फोन नेहमी मीच उचलते.

"अश्विनी म्याडम, काटा मुका झालाय," आप्पा म्हणाले. "लोकं गाड्या पलीकडच्या काट्यावर न्यायला लागलेत."

"वजन चुकतंय का?"

"वजन बराबर हाय. पन लोकांचा इस्वास बसंना. हितं लोकं वजनाला येत न्हाईत, इस्वासाला येतात. तो गेला तर ह्या लोखंडाचं मी काय करू?"

मी सरांना सगळे सांगितले. सरांनी पिशवीत थोडे सामान टाकले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. न्हावऱ्यापर्यंत मी एकटीच बोलत होते. आपले काम बरोबर आहे, लोकांना नीट समजावून सांगितले पाहिजे, शिक्षणाचा उपयोग मग काय, असे बरेच काही. सर एका शब्दाने बोलले नाहीत. सर माझ्यावर रागावले आहेत, अशी माझी खात्री झाली आणि पुढचा रस्ता मीही गप्प राहिले.

काट्यावर पोपटमामा कांद्याची ट्रॉली घेऊन उभे होते. ते आप्पांचे रोजचे गिऱ्हाईक, पण ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मवर चढवायला तयार नव्हते.

"पूर्वी बटण दाबलं की आतनं कुरकुर व्हायची," मामा म्हणाले. "मशीन इचार करायचं, मग चिठ्ठी यायची. आता बटण दाबायच्या आत चिठ्ठी भाईर! आधीच छापून ठिवली हाय का काय?"

मी कॅबिनेट उघडून त्यांना कार्ड दाखवले. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, म्हणून आवाज होतो. यात तबकडीच नाही. आणि म्हणूनच हे लवकर होते, असे सगळे सांगितले.

मामांनी कार्डाकडे बघितले, मग ट्रॉलीकडे बघितले. "ह्या एवढ्याशा तुकड्यात माझा समदा कांदा मावतोय व्हय?"

मी केबिनमधली सरकारी शिक्क्याची वजने प्लॅटफॉर्मवर ठेवून आकडा दाखवला. तो अगदी बरोबर आला.

"वजनं बी आप्पाचीच," मामा म्हणाले.

आप्पा सरांसमोर येऊन उभे राहिले. ते सरांशी नेहमी मोठ्यानेच बोलतात. "सर, चिठ्ठी जरा दमानं निघंल असं करा की! लोकांचं समाधान व्हईल."

"ते न्हाई करायचं," सर म्हणाले. "वजन झाल्यावर माणसाला उगं ताटकळत ठेवायचं? ती लबाडी झाली." मग त्यांनी पिशवीतून काड्यापेटीएवढा एक रिले काढला. विजेचा झटका मिळाला की त्याच्यातला पत्र्याचा तुकडा टकटक आपटतो. "हा लावू. कार्ड काम करतं तेव्हा त्याच्या पट्टीवरचा बारका दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला तरच हा वाजेल. कार्ड काम करीना झालं, तर हा गप्प."

मी सरांच्या समोर जाऊन उभी राहिले. "सर, उशीर केला तर लबाडी, आणि नसलेला आवाज काढला तर लबाडी नाही?"

सर म्हणाले, "लबाडी वाटत असेल तर सांगून टाकू. तू पाटी लिही."

मी खरेच लिहिली. पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरात: "संगणकाचा आवाज मुद्दाम बसवलेला आहे. वजनाशी त्याचा संबंध नाही." आप्पांनी ती कपाळाला हात लावून खिडकीवर टांगली.

सर दाराकडे पाठ करून रिले जोडत होते. जोडून झाल्यावर आप्पांनी बटण दाबले आणि पत्र्याच्या कॅबिनेटवर असा ठोका सुरू झाला की मी दचकले.

"वाजतंय का?" सरांनी विचारले.

"ओ सर!" बाहेरून पोपटमामा ओरडले. "कमी करा की! आत सुतार बसिवलाय का काय?"

सरांनी मागे वळूनही पाहिले नाही. "वाजतंय का?" त्यांनी पुन्हा विचारले. त्यांचे बोट रिलेवर होते आणि डोळे माझ्या ओठांवर होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले. हार्ड डिस्कवरचा तळहात, दुकानातला फोन, स्कूटरवरचा अबोला, चुलत्यांना सांगितलेले वाक्य. सर रागावलेले नव्हते. माझे ते सगळे भाषण त्यांना ऐकूच आले नव्हते.

"वाजतंय, सर," मी त्यांच्यासमोर होऊन म्हणाले. "फार वाजतंय."

आम्ही रिलेखाली स्पंजचा तुकडा घातला. पोपटमामांनी ट्रॅक्टर चढवला, उतरले, खिडकीपाशी आले. आतून टकटक झाली आणि चिठ्ठी निघाली, कार्ड बसवल्यापासून निघायची तितकीच लवकर. मामांनी चिठ्ठी घेतली, वर टांगलेली पाटी सावकाश, मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बरं केलं बसिवला. आता कसं मशीन असल्यागत वाटतंय." मामांच्या मागच्या गाड्याही मग एकेक करून चढू लागल्या. आप्पांचा काटा आजही चालू आहे. पाटीही तिथेच आहे.

परतताना चौफुल्याला चहा घेतला. मी सरांच्या समोर बसले आणि सरळ विचारले. सरांनी शर्टाच्या खिशातून कानाचे यंत्र काढून टेबलावर ठेवले. ते लावले की दुकानातला पंखा डोक्यात फिरतो, म्हणून ते खिशातच राहते.

"आयटीआय सोडलं तेव्हापासनं कमी होत गेलं," सर म्हणाले. "मला समदीच मशीनं मुकी. हात ठेवून भरवसा धरायला मला लई दिवस लागले. पोपटरावांनी एका दुपारीत कसं शिकायचं? तोवर वाजू दे की."

"पण सर, ते शिकणार कधी? आवाज आहे तोवर शिकणारच नाहीत."

"ते बी खरं हाय," सर म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

माझा गोंधळ तो हाच. आवाज खोटा आहे, पण कार्ड काम करते तेव्हाच तो होतो. पाटी खरी आहे आणि ती वाचूनही कोणी बदलत नाही. मी शिकले ते लोकांना खरे ते समजावे म्हणून. सरांनी त्या दिवशी खरे सोडले नाही आणि लोकांनाही सोडले नाही. हे दोन्ही एकदम कसे धरायचे, ते मला अजून जमलेले नाही. मूल्यांवरचा परिच्छेद मी तीनदा लिहून खोडला, शेवटी ही हकीकतच लिहिली. कानांचे लिहू का, असे सरांना विचारले होते. ते म्हणाले, "लिही की. लोकं समोर येऊन बोलतील तरी."

तेव्हा सर्व वाचकांना माझी विनंती आहे की सरांना शुभेच्छा द्यायला फोन करू नका, दुकानात या आणि समोर उभे राहून बोला. सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, बोटे अशीच स्थिर राहोत आणि कानाचे ते यंत्र कधीतरी खिशातून कानात जावो. शंभरी गाठेपर्यंत आणि त्यानंतरही सरांनी कुणाच्या ना कुणाच्या जुन्या मशीनवर तळहात ठेवून "वाजतंय का?" असे विचारत राहावे. मी समोर असेन. ओठ नीट दिसतील अशी उभी राहून सांगेन, "वाजतंय, सर."