सातमजली सर आणि लोंबणारं टोक

नेटवर्किंगच्या क्लासमधले विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘सातमजली सर’ म्हणत. का, तर काहीही विचारा, सर फळ्यावर सात मजल्यांची इमारत काढायचे. वरच्या मजल्यावर तुमचा निरोप, मग एकेक जिना उतरत खाली, तळाला तार. अकरा वर्षं तीच इमारत, तेच जिने आणि तेच शिळे विनोद! खऱ्या राउटरशी मात्र सरांचं फारसं जमत नसे. क्लासचा राउटर त्यांनी काचेच्या कपाटात कुलूप घालून ठेवला होता, म्हणे मुलं बिघडवतात. एकदा मेहुण्याच्या घरचं इंटरनेट बंद पडलं, तेव्हा सरांनी त्याला दीड तास सात मजले समजावले. शेवटी मेहुण्याच्या बायकोने सुटलेला प्लग आत ढकलला.

एक हौस मात्र दांडगी होती, टापटिपीची. लोंबती वायर दिसली की सरांच्या जिवाला चैन नाही. घरी चार्जरच्या वायरी ते असे वेढे मारून ठेवत, की बायकोला फोन चार्ज करायचा म्हणजे आधी गाठी सोडवत बसावं लागे. “अहो, वायर आहे ती, वेणी नाही!” ती करवादायची.

त्या बॅचला चाळिशीच्या एक बाई आल्या. सोळा वर्षं कुरिअरच्या कचेरीत पार्सलं निवडलेल्या. ती कचेरी महिनाअखेर बंद होणार होती. एका दवाखान्याच्या संगणक विभागात त्यांना जागा मिळत होती, पण पुढच्या एक तारखेला नेटवर्किंगचा दाखला हातात हवा. नाहीतर जागा दुसऱ्याला.

तिसऱ्याच दिवशी सर तारे तोडत होते, “माहितीचं पाकीट निघतं ना, तेव्हाच त्याला अख्खा रस्ता पाठ असतो.”

बाईंनी हात वर केला. “सर, आमच्याकडे तसं नसतं. पार्सलवर नुसता पत्ता. आम्ही फक्त पुढचं ठिकाण ठरवायचो, त्यापुढचं तिथली माणसं बघायची. पुस्तकातही असंच दिलंय.”

अगदी बरोबर होतं. राउटर दुसरं काय करतो? वर्गात दोघंतिघं हसले, तेही सरांकडे बघून. सरांची कानशिलं तापली.

“हे बघा पार्सलबाई, परीक्षा तुमच्या गोदामात नाहीये. इथे मी करतो ते बघायचं आणि सांगतो ते लिहायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. कळलं?”

“कळलं, सर,” बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधी हात वर केला नाही, आणि सरांना वाटलं, चला, शिस्त लागली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सर लॅब आवरत होते. पार्सलबाई आपल्या जागेवर उजळणी करत बसल्या होत्या. सगळ्या संगणकांच्या तारा ज्या एका डब्यात येतात त्या स्विचमधून एक केबल लोंबत होती. सरांना कुठलं बघवतंय! त्यांनी मोकळं टोक उचललं आणि त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खटकन बसवून दिलं. किती छान दिसतंय, असंही म्हणाले.

सकाळी दहाला परीक्षेचं पान उघडायचं होतं. साडेदहानंतर प्रवेश बंद, मग थेट तीन महिन्यांनी. दहा वाजून पाच मिनिटं झाली तरी एकाही संगणकावर पान उघडेना. क्लासचे संचालक धावत आले. सरांनी लगेच फळा गाठला. “घाबरू नका. आपण सातव्या मजल्यापासून खाली येऊ.”

पाचव्या मजल्यावर असताना त्यांची नजर स्विचकडे गेली. सगळे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. सरांना कालचं टोक आठवलं. हे तर ते स्वतःच दरवर्षी शिकवायचे: दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली, की एकच हाक बाहेर पडून परत आत येते, पुन्हा बाहेर, पुन्हा आत, आणि सगळ्यांचा रस्ता तुंबतो. केबल उपटायला एक क्षण पुरला असता. पण संचालकांच्या देखत? अकरा वर्षांचा रुबाब एका झटक्यात मातीत? छे! सर चौथ्या मजल्यावर उतरले.

सव्वादहा झाले, दहा वाजून वीस झाले. शेवटी पंचविसाव्या मिनिटाला त्यांना युक्ती सुचली. “सगळ्यांनी संगणक बंद करून चालू करा! पडद्यावरून नजर हटवायची नाही!” माना खाली गेल्या, संचालकही एका पडद्यात डोकावले, आणि सरांनी हळूच केबल ओढली.

“आलं, आलं!” मुलं ओरडली. संचालकांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. “मानलं बुवा तुम्हाला!” सर खाली मान घालून हसले, विनयाने.

पार्सलबाईंच्या वाट्याला कोपऱ्यातला सगळ्यात जुना संगणक आला होता. तो सुरू व्हायलाच सहा मिनिटं घ्यायचा. त्यांचं पान दहा एकतीसला उघडलं: प्रवेश बंद.

संचालकांनी परीक्षा घेणाऱ्यांना फोन लावला. नियम म्हणजे नियम, तिकडून उत्तर आलं. बाईंनी पेन पर्समध्ये ठेवलं, पर्स बंद केली आणि सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“सर, काल तुम्ही ते टोक त्याच डब्यात घातलंत, तेव्हा मी बघत होते. फिरून तिथेच येणार हे, असं मनात आलंही. पण बोलले नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, करतो ते नुसतं बघायचं.”

“कुठलं टोक?” संचालकांनी विचारलं.

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर इमारत काढायला घेतली.