धुऱ्यावरची निर्गुडी

यवतमाळहून घाटंजीची एसटी सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत कात्री, जुनी वर्तमानपत्रे आणि रेवतीच्या नोंदवहीतून गुपचूप उतरवून घेतलेले एका तांड्याचे नाव होते.

बावन्नाव्या वर्षी कार्यालयीन नोकरी सोडून मी संशोधनाला लागलो. रेवती माझ्या निम्म्या वयाची. आम्ही दोघेही निर्गुडीच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासतो. शेवटी रंग घातला की तबकडीतली जिवंत पेशींची खाच (छोटा खळगा) जांभळी होते, मेलेल्यांची फिकट राहते. तिच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या आणि निरोगी पेशी जांभळ्या राहिल्या. माझ्या अर्काने सगळेच फिकट. असा सरसकट मारणारा अर्क काय कामाचा? "एकदा शेवटचे करून पाहा, नाहीतर विषय बदलू," असे मार्गदर्शक म्हणाले. मागच्या खेपेलाही त्याच नोंदीवरून मी याच तांड्यावरून पाने आणली होती. म्हणजे तिने गाव लिहिले, पण नेमके झाड लपवले, अशी माझी खात्री होती. त्या जांभळ्या खाचा मला जेवतानाही दिसत.

घाटंजीला बाजार होता. ऑटोत मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसलो आणि चालकाला विचारण्याच्या संकोचापायी एक फाटा आधीच उतरलो. दोन्ही बाजूंना बोंडांनी वाकलेली कपाशी. तांड्याजवळच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पूर्वीचीच निर्गुडी दिसली. मी कात्री काढली.

"काय तोडून राह्यले, सर?" कपाशीतून एक वयस्क बाई उभ्या राहिल्या. शेवंताबाई, त्या शेताच्या मालकीण.

"निर्गुडी. औषधाच्या अभ्यासासाठी."

"मंग इथली कायले? परवाच फवारा मारला. वास नाही येऊन राह्यला?" त्यांनी मला निरखले. "मागंबी तुम्हीच आलते ना, छत्री घेऊन? म्या आवाज देल्ला, तर मान खाली घालून निंगून गेले. मले वाटलं, बहिरे असतीन."

मी कात्री मिटली. मागच्या खेपेलाही कीटकनाशकाने माखलेल्या पानांचाच अर्क मी पेशींना पाजला असावा.

"ते रेवती बरी. आली, बसली, भाकर खाल्ली. फवारा कुठवर उडते म्हणून इच्यारलं, अन् मले नाल्याच्या वर, जंगलात घेऊन गेली. दोन दिवस पाय दुखले माये."

तिच्या नोंदवहीत 'शेवंताबाईंना विचारून' असे लिहिले होते. ते केवळ सौजन्य समजून मी ती ओळ उतरवायची सोडून दिली होती.

त्यांनी भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. मी नाही म्हणालो नाही. मग कुरकुरतच त्या मला नाल्याच्या वर घेऊन गेल्या.

संध्याकाळी प्रयोगशाळेत मी रेवतीला सर्व सांगितले, नाव उतरवल्याचेही.

"मला विचारलं असतं, तर सोबत आले असते, सर," ती म्हणाली आणि वाळवणाच्या कपाटातली आपली पाने सरकवून तिने माझ्या पानांना जागा केली.

त्या सहजपणाचाही मला हेवा वाटला. नव्या चिठ्ठीवर मी झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहिली; खाली लिहिले, 'शेवंताबाईंना विचारून'.