सहादू हसला की पडायचा

सहादूला झोप आवरायची नाही. आवरायची नाही म्हणजे किती? गंगापूर रोडवरच्या एका सरकारी कचेरीत तो रोजंदारीवर शिपाई होता. साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर टेकला की मान खाली. फाइल घेऊन चालता चालता डोळे मिटायचे आणि ती भलत्याच टेबलावर जाऊन पडायची. रात्रभर घोरूनही सकाळी दहाला पेंगणारा असा इसम कचेरीने पाहिला नव्हता.

कारणं मात्र ज्याला त्याला ठाऊक! हेडक्लार्क म्हणायचे, हातभट्टीची लावतो. सहादूने जन्मात थेंब घेतला नव्हता. शेजारची चतुराबाई म्हणायची, कुणीतरी करणी केलीय. निफाडच्या बहिणीने अंगात रक्त नाही असं ठरवून गूळ-शेंगदाणे पाठवले. बायको लताबाईचं म्हणणं थोडक्यात होतं, "आळस हाय, दुसरं काय नाय." चार बंगल्यांची धुणीभांडी करून घर ओढणारी बाई आणखी काय म्हणणार?

त्यात आणखी एक भलतंच. सहादू खळखळून हसला की गुडघ्यातलं बळ जायचं आणि तो जागच्या जागी कोसळायचा. मिनिटभर बोटसुद्धा हलायचं नाही. कचेरीला हे कळलं आणि फुकटची करमणूक सुरू झाली. पाहुणा आला की हेडक्लार्क हाक मारायचे, "सहादू, चहा आण रे!" तो ट्रे घेऊन आत आला की एखादा चावट किस्सा. बिचारा ओठ चावायचा, भिंतीकडे बघायचा, पण शेवटी हसू फुटायचंच. कपबशांचा चुरा, अंगावर उकळता चहा, वर टाळ्या. मग फेफरं आलंय म्हणून कुणीतरी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावायचा. अरे नालायकांनो, त्याला सगळं कळत होतं! चपलेचा वास यायचा, शब्द न् शब्द ऐकू यायचा.

दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने हे ओळखलंही. म्हणाला, "हे फेफरं नव्हे. मेंदूतला झोपेचाच आजार आहे, यात शुद्ध जात नाही." सहादूने घरी येऊन सांगितलं. लताबाई फणकारली, "पडलेल्या माणसाला कुठं ऐकू येतं? डाक्टरला काय कळतंय!"

एक्याऐंशी साली कायम करायच्या लोकांची यादी निघणार होती. नऊ वर्षांची रोजंदारी संपणार होती. साहेबांनी दम भरला, "झोपलेला दिसलास तर नाव कापीन." आणि काय आश्चर्य, लताबाई कंबर कसून उभी राहिली. त्याच्या खिशात हिरव्या मिरच्या घालायची. दुपारी एका बंगल्यातून दुसऱ्यात जाताना वाट वाकडी करून कचेरीच्या फाटकाशी यायची, त्याच्या डोळ्यांवर पाणी मारायची, बाटलीतला कोरा चहा पाजायची. सहादूला भरून यायचं. सोळा वर्षांच्या संसारात बायकोने इतकी माया कधी केली नव्हती.

ऑर्डर निघाली. सहादू धावतच घरी आला, "लता, कायम झालो!" ती हसली. कितीतरी वर्षांनी हसली. ते बघून त्यालाही हसू फुटलं आणि तो उंबऱ्यातच कोसळला.

चतुराबाई धावत आली, "अगं, कांदा आण, कांदा!"

"पडू द्या," लताबाई निवांत म्हणाली. "आता काळजी नाय."

"असं काय बोलती गं?"

"अवो, ह्यांच्या हापिसात बायडाबाई हाय ना, पाणी भरती ती? तिचा नवरा कायम होता. तो मेला, तर तिला घेतलं त्याच्या जागंवर. आता हे कवाबी जाऊ द्या, मला घ्यावंच लागंल. कायमच झाले नसते, तर मला कोन घेतं? म्हनून तर उन्हातान्हात चहा पोचवत व्हते." मग हळूच म्हणाली, "लवकर गेले तर बरंच. माझी कंबर पार गेलीय भांडी घासून."

उंबऱ्यात पडल्या पडल्या सहादूने हे सगळं ऐकलं. काळजाचे तुकडे झाले, पण पापणी हलली नाही. अंगात बळ आल्यावर तो उठून बसला. लताबाई म्हणाली, "उठलात? हातपाय धुवा, शिरा करते." त्याने शिरा खाल्ला. गोड झाला होता.

त्यानंतर हेडक्लार्कांनी ठेवणीतले सगळे किस्से काढून पाहिले. सहादू हसलाच नाही, त्यामुळे पडलाही नाही. स्टुलावर तेवढा पेंगायचा. गडी बरा झाला, असं कचेरीत सगळे म्हणू लागले. ते लताबाईच्या कानावर गेलं, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं.